धुक्यातल्या दोन हाका

श्रीवर्धन,
जानेवारी १९३३

मेहेरबान भाईसाहेब हमदुल्ला यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा वली याचा सलाम. तुमचा दमा कसा आहे? मुंबईच्या धुरात जपून राहा. इथे सगळी खुशाली आहे आणि मीही बहुतेक जिवंत आहे. (‘बहुतेक’ का, ते पुढे येईलच.) तुम्ही धाडलेला हलवा पोहोचला. निम्मा सुगराने शेजारी वाटला, उरलेला मुंग्यांनी आणि मी मिळून संपवला.

बोटीवरची नोकरी सोडून मी कायमचा घरी आलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, आता खरा संसार सुरू होईल. झाला, पण सुरुवातीला फार जड गेलं. लग्नानंतरची बहुतेक वर्षं मी बॉयलरपुढे कोळसा ओढण्यात काढलेली. दोघं समोरासमोर बसलो की पाहुण्यांसारखं बोलायचो. (एकदा तिने चहा पुढे केला, तर मी “उगाच तसदी घेतलीत” म्हणालो.) मग एक दिवस तीच म्हणाली, “गरवायला येता काय?” तेव्हापासून बांबूच्या काठ्या, दोरा, गरी आणि आमिषाला कोलंबीचे तुकडे घेऊन आम्ही बंदरापलीकडच्या कातळावर मासे धरत बसतो. तिच्या गरीला तांबोशी लागते, माझ्या गरीला शेवाळ. एकदा पायताण लागलं, तेही डाव्या पायाचं. ती पदरात तोंड लपवून हसली. खरं सांगतो भाईसाहेब, त्या हसण्यासाठी मी समुद्रातली सगळी पायताणं ओढून काढीन.

तर गेल्या जुम्म्याच्या सकाळची गोष्ट. उजाडलं होतं, पण धुकं असं की हातातल्या काठीचं टोक दिसेना. ओहोटी होती. पाण्याचा जरादेखील आवाज नव्हता, कावळेही गप्प. माझ्या काठीची गरी कुठेतरी अडकली, ती सोडवायला मी खाली उतरलो. (दोरा तोडता आला असता, पण गरी सुगराची होती, आणि आपली वस्तू हरवली की ती काय करते ते तुम्हाला मी सांगायला नको.) गरी सोडवून वळलो, तर कातळच दिसेना.

तेवढ्यात सुगराची हाक आली, “अहो, इकडे या!”

मी निघालो. आवाज तिचाच, शेवटी थोडा ओढलेला. पाणी घोट्याला लागलं. मला वाटलं, भरती सुरू झाली. पुन्हा हाक आली, “अहो, या ना. अस्से या.” इतक्या लाडाने ती कधी बोलत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण सारी उमर बोटीवर घालवलेल्या माणसाला लाडाची हाक आली, तर तो चौकशा करत बसत नाही. पाणी गुडघ्यावर आलं. लाट एकही नव्हती, तरी पायांखालची वाळू कुणी हळूच काढून घेतल्यासारखी सरकत होती.

मग पाठीमागून दुसरी हाक आली. “वली!”

तोही आवाज सुगराचाच.

आता तुम्हीच सांगा. निकाह झाल्यापासून तिने माझं नाव उच्चारलेलं नाही. टपालवाल्याने विचारलं तरी “घरातले” म्हणते. तेव्हा मी ठरवलं की नाव घेणारी ती सुगरा नव्हे, मागे आहे ते काहीतरी वाईट आहे. कलमा पुटपुटत मी समोरच्या ‘अहो’कडे भराभर चालू लागलो. पाणी कमरेला आलं. मागून “वली! वली!” चालूच. आणि समोर धुक्यात एक बाई दिसली. पाण्यावरच बसल्यासारखी, माझ्याकडे पाठ करून. ती हळूहळू वळू लागली.

तिचं तोंड मी पाहिलं नाही. कारण त्याच वेळी सदऱ्यातून माझ्या मानेत गरी रुतली आणि मी मागे खेचला गेलो. धडपडत वाळूवर आलो, तर काठीच्या दुसऱ्या टोकाला सुगरा, दात आवळून, पाय रोवून उभी! तिने गरी काढली, थोडं कातडंही सोबत आलं.

“ती कोण होती?” मी विचारलं.

“मागं बघू नका. चला.”

माझा हात धरून तिने मला भर बाजारातून घरी आणलं. (मशिदीजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. तिने हात सोडला नाही, मीही नाही.)

त्या रात्री मला ताप भरला, आता उतरला आहे. मी म्हटलं, गरवणं पुरे झालं. ती म्हणाली, “समुद्र काय तिच्या बापाचा हाय?” तेव्हा येत्या जुम्म्याला पुन्हा जाणार आहोत. भाभींना सलाम, मुलांना दुआ.

तुमचा,
वली

ता. क. मुंबईहून जाड दोरा पाठवावा. सध्याचा तांबोशीला पुरतो, नवऱ्याला बारीक पडतो.

आणखी एक. पत्र बंद करण्याआधी सुगराला वाचून दाखवलं. मध्ये मध्ये ती हसली. मग म्हणाली, “पण मी तुमचं नाव न्हाय घेतलं. मी ती समोरून आलेली ‘अहो’ची हाक ऐकली, माझाच आवाज, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. म्हणून तर तुमच्या कलम्याच्या रोखानं गरी फेकली.” भाईसाहेब, लहानपणी थट्टा करताना ती चेहरा कसा ठेवायची, ते उलट टपाली कळवा. जुम्म्याच्या आत कळवा. कारण हे सांगताना ती हसत नव्हती.