दिव्याला मी दिसत नाही

दादास, धाकटीचा वाकून नमस्कार.

नाही रे, थंडी मुळीच वाजत नाही. लेकाच्या नव्या घराच्या भिंती हातभर जाड, खिडक्यांना तीन-तीन काचा. विजेचं बिल निम्म्यावर आलंय. वहिनीचा खोकला इथे पळेल बघ. कशी आहे ती?

दिवे मात्र मेले आगाऊ. माणूस हलला नाही की आपोआप विझतात. तुझ्यासारख्या आळशाला तर हे घर जिवंत धरणारच नाही. सुईत दोरा ओवायला श्वास धरून बसले की अंधार. "मला साधं बटण बसवून दे," म्हटलं, तर लेक म्हणतो, "आई, हात हलवत जा ना, वीज वाचते." आईपेक्षा वीज लाडकी. तळपायाची आग मस्तकात गेली.

लिहिणार नव्हते, पण मला इथे राहायचं नाही. न्यायला ये.

तुझी धाकटी