शीलाताई, तुमचा कॅमेरा हरवला होता

माझ्या शीलाताई,

आज दुपारीच दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसले. मशीनवर एक ब्लाउज तसाच पडलाय. घरात कोणाशी बोलायला जावं तर सगळे म्हणतात, मिळाला ना कॅमेरा, मग आता काय? आता काय, ते मलाही सांगता येत नाही. पण काल एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली मी! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तुम्ही असत्या तर हसल्या असत्या. "वंदे, तू तं सावलीले भेते!" भेते ताई. तुम्ही गेल्यापासून जास्तच भेते. म्हणून तर हे लिहायला घेतलं. माझी भीती ऐकून न घाबरणारं माणूस या घरात तुम्हीच एक होत्या.

तुमची प्रज्ञा आता माझ्याहून उंच झालीय. तुम्ही गेलात तेव्हा चौथीत होती, आठवतं ना? बारावीनंतर भाऊजींनी तिला अकोल्याहून आमच्याकडे आणून सोडलं. दालमिलची पाळी करून पोरीकडे लक्ष देणं त्यांना जमेना. इथे राजापेठेत क्लास जवळ, कॉलेज जवळ आणि मी दिवसभर खाली दुकानात. दिवाळीला अकोल्याला गेली आणि येताना तुमचा तो चंदेरी कॅमेरा घेऊन आली.

तुम्हाला शाळेसाठी घ्यावा लागला होता तो. झाडं लावली, पाठव फोटो. पोरांनी हात धुतले, पाठव फोटो. कार्डात सगळं होतं तसंच आहे. हात धुणारी पोरं, खिचडीच्या रांगा, जयंतीच्या मिरवणुकीतली तुमच्या पाचवीच्या वर्गातली पोरं. आणि तुमचा मात्र एकही फोटो नाही! सगळ्यांना उभं केलंत, "हालू नोका" म्हणून ओरडलात, आणि स्वतः एकदाही समोर आला नाहीत. पोरीनं पुन्हा पुन्हा शोधलं. याचा राग आहे माझा तुमच्यावर, सांगून ठेवते.

मला वाटलं, आठवण म्हणून आणला असेल. पण तो तिच्या गळ्यातच लटकायला लागला. आणि ती एकटी नाही, ताई! तिच्या क्लासच्या पोरी घरोघरची कपाटं उपसून असले जुने डबे काढतायत. एवढे भारी भारी फोन हातात, आणि यांना हवेत ते फ्लॅश मारणारे, डोळे लाल करणारे फोटो. मी विचारलं, "काहून ओ, फोनचे फोटो चांगले नाही येत काय?"

"फोन सगळ्याईले एकसारखं गुळगुळीत करते काकू. याच्यात आमी आमच्यासारख्या दिसतो."

मग म्हणाली, "आन याले नेट नाही. हा कोणाले काही सांगत नाही."

त्या दुसऱ्या वाक्यामागे काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांच्या क्लासमधल्या एका पोरीचा फोटो कोणीतरी फोनवरून उचलला होता. चेहरा तिचा ठेवला आणि खालचं भलतंच जोडून गावभर फिरवला. पोरगी क्लास सोडून गेली. कुठे गेली, कोणी सांगत नाही. त्यानंतर या पोरी एकमेकींचे फोटो फोनवर काढेनाशाच झाल्या. हसायचं, नाचायचं, वेडंवाकडं तोंड करायचं ते फक्त तुमच्या कॅमेऱ्यासमोर. मला बरं वाटलं हो! म्हटलं, शीलाताईंच्या वस्तूनं पोरींना आडोसा दिला.

मग वैष्णवीचा वाढदिवस आला. ही प्रज्ञाची जिवाची मैत्रीण, वरूडची. संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. आई आणि मोठा भाऊ गावी असतात, ही इथे खोली करून राहते. चार पोरी सकाळच्या एसटीनं तिच्या मळ्यात गेल्या. मोटरीच्या हौदावर पाणी उडवलं, ओल्याचिंब कपड्यांत नाचल्या, त्याचे फोटो काढले आणि व्हिडिओसुद्धा. संध्याकाळच्या बसनं परत आल्या. प्रज्ञा जिना चढून वर आली, पिशवी उलटी केली. टॉवेल, संत्री, कंगवा. कॅमेरा नाही.

ताई, तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तुम्ही गेलात त्या दिवशीही नाही. मी म्हटलं, "तुह्या आईनं काढलेले फोटो गेले न बाई त्यातले..." तर म्हणाली, "ते नाही काकू. त्यात वैष्णवी हाय. आमी साऱ्या हाओत."

तेव्हा कुठे मला कळलं, काय हरवलंय ते.

आम्ही दोघी तशाच बसस्टँडवर गेलो. बस पुढे निघून गेली होती. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "काय होतं त्याच्यात?" साधा प्रश्न. आणि मी प्रज्ञाला हाताला धरून बाहेर ओढलं!

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते तुम्हाला कसं सांगू? राजापेठेच्या चौकात मोटरसायकलवर बसून मोबाइलमध्ये डोकं घातलेला प्रत्येक पोरगा मला वाटायचा, तेच पाहतोय. दोघं हसले की वाटायचं, आमच्यावरच हसले. दुकानात एखादी बाई माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहू लागली की माझ्या हातातून टेप सुटायचा. यांना सांगितलं नाही. भाऊजींना तर नाहीच. प्रज्ञा म्हणायची, "बाबाले मीच सांगीन, पण आता नोको." ती जेवत नव्हती. फोन वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचो, उचलायचं कोणीच नाही.

वैष्णवीनं घाबरून तिच्या भावाला फोन केला, वरूडच्या डेपोत विचार म्हणून. त्यानंही तेच विचारलं, "एवढं काय हाय त्याच्यात?" ती रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तो खोलीवर आला आणि सामानासकट तिला घेऊन गेला. माझ्या दुकानासमोरूनच गेली गाडी. मी पाहिलं तिला, मागच्या सीटवर, मांडीवर बादली घेऊन बसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मग तो फोन आला. अनोळखी नंबर, माणसाचा आवाज.

"राजापेठचं शिवणाचं दुकान तुमचंच काय? चांदूर रेल्वेहून बोलून राहिलो. एक कॅमेरा सापडला मले बसमधी. त्याच्यात तुमच्या दुकानाची पाटी दिसली, तिच्यावर नंबर व्हता."

पाटी दिसली, म्हणजे यानं फोटो पाहिले! पाटीपर्यंत पोचायला किती पाहिले असतील? पुढे म्हणाला, "प्रज्ञा कोण हाय? तिलेच पाठवा न. मले येता येत नाही."

नाव कसं कळलं याला? व्हिडिओत पोरी तिला हाका मारत होत्या, ते ऐकलं होतं, हे मागून कळलं! मी म्हटलं, "मी येते. पोरगी नाही येणार." आणि फोन ठेवला. पत्तासुद्धा विचारला नाही. त्यानंच पुन्हा फोन करून सांगितला.

प्रज्ञा ऐकेना. "कॅमेरा माया आईचा हाय. मी येतेच." शेवटी दोघी गेलो. बसमध्ये मी मनातल्या मनात काय काय योजलं! त्यानं दार लावलं तर काय, काही मागितलं तर काय, आत आणखी कोणी बसलेलं असलं तर काय? पर्समध्ये कापड कापायची कात्री घेतली होती मी. हसू नका.

स्टेशनजवळच्या वस्तीतलं घर. दार एका शाळकरी पोरीनं उघडलं. आत खाटेवर माझ्याच वयाचा माणूस, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. वरूडला संत्र्याच्या पॅकिंगच्या कामावर जातो. गाडीत भरताना क्रेट पायावर पडले. त्याच संध्याकाळी तशाच पायानं कसाबसा घरी यायच्या बसमध्ये चढला, तर सीटखाली कॅमेरा. म्हणून येता येत नव्हतं!

मी विचारलं, "कंडक्टरजवळ काहून नाही दिला?"

"देणारच व्हतो बाई. पण चालू करून पाहिला तं पोरींचे फोटो. म्हटलं, डेपोत धा हात लागतीन याले." मग त्यानं मान खाली घातली. "मी नाही पाहिले. आमच्या पोरीले देल्ला. तिले म्हटलं, तूच पाय, नंबर भेटते काय."

त्याची पोरगी दारातूनच बोलली, "पप्पा, खोटं काहून बोलता? तुमी पाहिले न पहिले. तो हौदावरचा नाच लागला, तवा घाबरून मायाकडे फेकला."

तो माणूस कानापर्यंत लाल झाला. प्रज्ञाला हसू फुटलं. किती दिवसांनी! आणि मी? मला हसता येईना. मी विचारलंच, "कुठं उतरवून तं नाही घेतले ना?"

त्याची बायको चहाचे कप घेऊन येत होती, ती जागेवरच थांबली. तो शांतपणे म्हणाला, "मलेही पोरगी हाय, बाई."

चहा घेतला. साखर होती की नाही, आठवत नाही. त्या माणसावर माझा विश्वास बसला का? ताई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? नव्वद टक्के बसला. उरलेल्या दहा टक्क्यांनी मला अजून जेवू दिलेलं नाही.

घरी आल्यावर मी कॅमेरा कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला लावली. म्हटलं, "झालं तेवढं बस झालं. आता हा बाहेर निघणार नाही."

प्रज्ञा रागावली नाही. नुसतं विचारलं, "कॅमेरा कपाटात ठेवशील काकू. मले कुठी ठेवशील?"

अगदी तुमच्यासारखं! तेच कमरेवर हात ठेवून उभं राहणं. तुमच्याजवळ याचं उत्तर असतं का?

त्याच संध्याकाळी तिनं भाऊजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं, हौदासकट. भाऊजी एवढंच म्हणाले, "जेवली काय तू?" प्रज्ञा रडली. मीही रडले, मोरीत जाऊन.

मग तिनं वैष्णवीच्या भावाला फोन केला. कॅमेरा परत मिळाला दादा, कोणी काही केलं नाही, वैष्णवीला पाठवा, तिची परीक्षा आहे. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "परत भेटला म्हणजे काय कोणी पाहिलाच नाही काय? उतरवून नाही घेतला कशावरून? ते काही नाही. शिक्षण झालं तिचं. आता ते घरीच राहीन."

शीलाताई, ते शब्द माझे होते! चांदूरला खाटेवरच्या त्या माणसाला मी जे विचारून आले, तेच हा पोरगा त्याच्या बहिणीबद्दल बोलत होता. त्याचाही आवाज कापत होता, ऐकलं मी. तो दुष्ट नाही. माझ्यासारखाच भ्यालाय. फक्त माझ्या भीतीनं एक कॅमेरा कपाटात गेला, आणि त्याच्या भीतीनं एक पोरगी.

तुम्ही असत्या तर लगेच गाडीत बसल्या असत्या. त्या पोराला दोन शब्द सुनावले असते आणि त्याच्याच घरी जेवून आल्या असत्या. मला तसं बोलता येत नाही हो. मला चार माणसांत पाणी मागायचीही लाज वाटते. अशा वेळी तुम्ही का नाही? मला पुढे घालून कुठे निघून गेलात?

पण मी ठरवलंय. उद्या सकाळच्या एसटीनं प्रज्ञाला घेऊन वरूडला जाते. आज म्हणूनच दुकान दुपारीच बंद केलं, नाहीतर विचार करत करत माझं जाणं राहून गेलं असतं. वैष्णवीच्या आईशी बोलेन, भावाशीही बोलेन. तो काय म्हणेल याची मला आत्तापासून धास्ती आहे. तो म्हणेल, तुम्ही कोण? मी काय सांगू?

वैष्णवीला घेतल्याशिवाय परत येणार नाही, असं लिहिणार होते. पण ते माझ्या हातात नाही, आणि तुम्हाला खोटं वचन द्यायचं नाही मला. एवढंच देते ताई. माझा आवाज कापेल, कापू दे. त्या पोरीसमोर, तिच्या भावासमोर मी सांगेन की तुझी भीती खरी आहे बाबा, माझीही आहे, पण ती तुझी-माझी आहे, ती या पोरीवर लादू नको. हे बोलल्याशिवाय मी त्या घरातून उठणार नाही.

तुमची भित्री धाकटी जाऊ,
वंदना