पंखेवाल्या विमानाचा कौल

१६ जुलै २००६, रविवार

डॉक्टर म्हणाले, आनंदीबाई, ब्लडप्रेशर फार चढलंय, राग आवरा. कुणावर हात उगारायचा नाही. राग आला की तो रोज लिहून काढायचा, म्हणजे डोक्यातून जातो. मला अक्षर येत नाही. आमच्या वेळी मुलींना शाळेत घालत नसत, आणि ज्यांना घातलं त्या माझ्याहून काही शहाण्या निघाल्या नाहीत. म्हणून मी बोलणार, नातू सलिल लिहिणार. बारावी झाली आहे, घरीच असतो. बाकीचे मी हाक मारली की परसात पळतात.

मुळात मी रागीट नाही. हात जरा चपळ आहे, इतकंच.

संकल्प: आजपासून कुणालाही मारायचं नाही. काठी खुंटीला टांगली.

तोच दिवस, संध्याकाळी सात

दत्तूला तांब्या लागला. दत्तू म्हणजे माझा थोरला, सलिलचा बाप. म्हणाला, छोट्या विमानाचा पायलट म्हणजे वरून जाणारा एसटीचा ड्रायव्हर. माझा सख्खा भाऊ एसटीवर ड्रायव्हर होता. डॉक्टर हात उगारू नका म्हणाले, फेकण्याचं काही बोलले नाहीत. संकल्प शाबूत.

१८ जुलै, मंगळवार

दत्तूच्या कपाळावर टेंगूळ आहे. शोभतं.

राग कशाचा ते नीट सांग, असं सलिल म्हणतो. सांगते. ह्याला पायलट व्हायचंय. सहा वर्षांचा असताना हात पसरून आंब्यावरून उडी मारली होती. हात मोडला. हात बरा होईपर्यंत मी थांबले, मग बडवला. तरी वेड गेलं नाही.

विमानाच्या दोन कंपन्या मुलं निवडून स्वतःच शिकवतात आणि मग स्वतःच नोकरी देतात. एक मोठी. तिच्या विमानात प्रत्येक खुर्चीपुढे सिनेमाचा पडदा. तिला मी पडदेवाली म्हणते. दुसरी छोटी, तिच्या विमानांना बाहेरून पंखे, आणि ती लहान लहान गावांना जाते. ती पंखेवाली. दोन्हीच्या परीक्षा एकाच तारखेला, एक मुंबईत, एक दिल्लीत. तेव्हा एकच निवडायची.

दत्तूला पडदेवाली हवी, का तर चारचौघांत सांगता येतं. पंखा लावलेलं विमान म्हणजे पिठाची गिरणी, म्हणतो. सलिलला पंखेवाली हवी. तिथे विमान लवकर हातात येतं, आखूड धावपट्टीवर उतरायला शिकवतात, असं तो जेवताना ताटात पापड उतरवून दाखवतो. मलाही पंखेवालीच पसंत. लहान गावांना जाते म्हणजे रत्नागिरीला येणारच. मिरजोळ्याला धावपट्टी आहे. सकाळी मुंबईहून निघाला की दुपारी जेवायला घरी. सोलकढी प्यायची, घटकाभर आडवं व्हायचं, विमान घेऊन परत. इथे प्रवासी विमान येत नाही, असं सलिलने मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, त्यांना अजून चालवणारा कुठे मिळालाय.

शिकायच्या खर्चाला कातळावरची बाग विकावी लागेल. त्यावर धाकट्या हरीचीही सही लागते. हरी मुंबईला असतो. फोनवर नुसतं येतो म्हणाला. हे लक्षण चांगलं नाही.

आज कुणाला मारलं नाही. कुणी घरातच नव्हतं.

२३ जुलै, रविवार

हरी आला. चहा व्हायच्या आतच म्हणाला, पडदेवाली नको, पंखेवाली नको, मुलाला इंजिनिअरिंगला घाला. बापाने कातळ फोडून लावलेली कलमं हवेत उडवायची नाहीत. दत्तूने तो चहा त्याच्या शर्टावर ओतला. हरीने त्याची गचांडी धरली. दोघे ओटीवरून खाली खळ्यात पडले. पन्नाशी गाठलेले पुरुष. हरीने दादाच्या तोंडात मूठभर चिखल कोंबला. दत्तू त्याच्या अंगठ्याला चावला. सून नम्रता, सलिलची आई, ओरडत होती, मला तिच्या ओरडण्याचाच जास्त त्रास झाला.

मी शांत होते. भिंतीला झेला टेकलेला होता. आंबे उतरवायचा जाळीचा बांबू, चांगला दोन पुरुष लांब. मी ओटीवर बसल्या बसल्याच दोघांना वेगळं केलं. उगारला नाही, फक्त पुढे केला. पाच-सहा वेळा. हरीच्या बरगडीत कळ आहे. जाळी दत्तूच्या डोक्यात अडकली, ती कापून काढावी लागली, थोडे केसही गेले. तसेही राहिले किती होते.

नम्रताने विचारलं, आई, डॉक्टरांना कळवू का. मी म्हटलं, कळव, बसून होते म्हणावं.

नवीन झेला आणायला हवा.

२७ जुलै, गुरुवार

वाद मिटला. डोकं वापरलं की मारामारी करावी लागत नाही, हे मी पहिल्यापासून सांगत आले आहे.

आमच्याकडे भावाभावांचं पटेना की देवीला कौल लावतात. सगळ्यांना घेऊन देवळात गेले. गुरव आत्माराम देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पुढे अपील नाही. मी विचारलं, पोराला पंखेवालीत घालू की पडदेवालीत. आत्माराम म्हणाला, आजी, देवीला हो-नाहीचं विचारा, तिचं काय दुकान आहे. मग नीट विचारलं, पंखेवालीत घालू का. सलिलने डोळे गच्च मिटले होते. लिहिताना म्हणतोय, मिटले नव्हते. मिटले होते.

उजवी पडली.

हरी म्हणाला, वरचा पंखा चालू होता, पाकळी वाऱ्याने पडली. आता तो पंखा दत्तूने देवळाला दिलेला, पात्यावर बापाचं नाव. दत्तूला खरं तर पडदेवाली हवी होती. पण कौलावर संशय म्हणजे देवीवर संशय, आणि त्यातून पंख्यावर. त्याने देवीच्या ओटीतला नारळ उचलून हरीच्या नाकावर हाणला. हरीने त्याचं डोकं घंटेवर आपटलं, घंटा वाजली, बाहेरच्या लोकांना आरती सुरू झाली असं वाटून ते आत आले आणि मग त्यांनाही पडल्या. आत्माराम सोडवायला गेला, त्याच्या पायावर समई पडली. मी एकच नारळ फेकला. तो कुणाला न लागता देवीपुढे फुटला, म्हणजे तो वाढवला असंच धरायचं.

नाकातलं रक्त पुसत हरीने सही करायचं कबूल केलं. कौल झाल्यावर मुंबईचा माणूससुद्धा मागे सरत नाही. पडदेवालीचा कागद दत्तूने स्वतः चुलीत घातला.

परत येताना सलिल देवळाच्या पायरीवर बसून रडला. मी विचारलं, काय लागलं का. म्हणाला, नाही, आजी, मला खरंच जायला मिळणार.

१३ ऑगस्ट, रविवार

सलिल परीक्षेला हरीकडे मुंबईला होता. त्या दिवसांत जो राग आला तो कुठेच लिहिता आला नाही. कुरिअरवाल्याला जरा ढकलला. तो आधीच घसरत होता.

सलिल पास झाला. इंटरव्ह्यूही झाला. कितीतरी मुलांतून थोडी घेतली, त्यात हा. आता फक्त मेडिकल राहिली. डोळे, कान, छाती सगळं तपासतात. मी म्हटलं, आमच्या घरात कुणाच्या अंगात खोट नाही. अख्ख्या आळीला पेढे वाटले. समोरची तुळसा म्हणाली, विमानं पडतात हो. तिला पेढा दिला, पण हातात दिला नाही. कपाळाला लागला.

संकल्प जवळजवळ पूर्ण पाळला जातोय.

२० ऑगस्ट, रविवार, दुपारी चार

आजचा दिवस छान होता. सलिलचं अक्षर आज तिरकं येतंय, त्याला कारण आहे, पण ते विशेष नाही.

मी त्याला जेवायला वाढताना सांगत होते, नोकरी लागली की पहिल्या दिवशी घरी काय काय करायचं. सुरमई तळायची, मिरकरवाड्याच्या बंदरावरून पहाटेच आणवायची. त्याने जेवण थांबवलं. म्हणाला, सात वर्षांचा बाँड आहे, पहिली नेमणूक गुवाहाटीला. तिकडच्या डोंगरातल्या लहान गावांना जायचं. मी म्हटलं, बरं, मग शनिवार-रविवार ये. तेव्हा तो म्हणाला, "आजी, मी रत्नागिरीला कधीच उतरणार नाही. वरूनसुद्धा जाणार नाही. तुला किती वेळा सांगितलं."

हात आपला आपण उठला. मी उगारला नाही. डाव्या कानावर बसला. फार नाही, माशी मारताना बसतो तेवढा. ताट मात्र उलटलं आणि तो भिंतीवर गेला.

म्हणतो, कानात शीळ वाजतेय, कुकरसारखी. मी म्हटलं, वाजेल आणि थांबेल. लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात भरपूर ओतलं. हे औषध माझ्या आईचं. तो पाय झाडत होता, म्हणून त्याच्या छातीवर गुडघा ठेवावा लागला. प्रेमाने ठेवला.

मेडिकल गुरुवारी आहे. उद्या निघेल.

२६ ऑगस्ट, शनिवार

हरी, त्याची बायको आणि सलिल गणपतीला आले. सलिल अनफिट.

मेडिकलच्या डॉक्टरने कानात दिवा घालून बघितलं. डाव्या पडद्याला भोक आहे, आत तेल आहे, पू झालाय. कदाचित आपोआप भरेल, नाही तर ऑपरेशन. सहा महिन्यांनी परत दाखवा. कंपनीने सांगितलं, आमची बॅच त्याच्या आधी सुरू होते, जागा पुढच्या मुलाला दिली. पुढची बॅच कधी, आहे की नाही, ते त्यांनाही माहीत नाही. पडदेवालीची मुदत केव्हाच संपली.

मी खूप विचार केला. मुंबईत हॉर्न किती वाजतात. शिवाय ह्याचा कान लहानपणापासूनच कच्चा असणार, हाक मारली तर कधी ऐकायचा नाही. शिवाय त्या डॉक्टरने दिवा जोरात घातला असेल.

सलिल हे सगळं मान खाली घालून लिहितोय. एकदाही वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

काठी खुंटीवर आहे. तिचा काही संबंध नाही.

२७ ऑगस्ट, रविवार, गणेश चतुर्थी

गणपती बसले. आरतीआधी दत्तूने सलिलला विचारलं, कानाला झालं काय. सलिल म्हणाला, विहिरीच्या पायरीवर पडलो.

दत्तूचा विश्वास बसला नाही. त्याने हरीकडे बोट केलं. सही करावी लागली म्हणून डूख धरलास आणि माझ्या पोराला मुंबईत मारलंस, म्हणाला. हरी म्हणाला, इथूनच फुटका कान घेऊन आला, तूच हाणलं असशील, पडदेवाली गेली म्हणून. मग बोलणं थांबलं. दत्तूने पाट उचलून हरीच्या मनगटावर मारला, हाड मोडल्याचा आवाज मला ओटीवर आला. हरीने मोडक्या हातानेच त्याला मखरात लोटला. मखर पडलं. गणपतीला हरीच्या बायकोने मिठीत धरून वाचवला. दत्तूचे पुढचे दोन दात मोदकांच्या परातीत सापडले. ह्या वेळी कुणी थट्टा म्हणून मारत नव्हतं. भाऊ भावाचा गळा दाबत होता आणि सोडत नव्हता.

सगळे माझ्याकडे बघत होते. नवा झेला माझ्या हाताशीच होता. मी उचलला नाही. मी काही बोललेही नाही. शेवटी शेजाऱ्यांनी सोडवलं.

नम्रताने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं. मग दात वेचून कागदात बांधले आणि आत गेली.

हरी प्लॅस्टरला गेलाय. दत्तू आतून कडी लावून बसलाय. सलिल ह्या दोघांपैकी कुणालाच काही सांगत नाही, आणि मलाही काही विचारत नाही.

त्याला म्हटलं, लिही, आज मी कुणावरही हात उगारला नाही. तो तसाच बसून राहिला. परत सांगितलं. मोठ्याने सांगितलं. त्याने वर बघितलं आणि विचारलं, "काय?"

मी त्याच्या डाव्या अंगाला बसले होते. उठले आणि उजवीकडे जाऊन बसले.