बुलडोझरला बांधलेला दोर

ताडकळस, मंगळवार, फेब्रुवारी १९७४

आज कालव्याच्या कामावर नेताना ह्यांच्या ट्रेलरवरचा बुलडोझर उतारावर पुढे सरकला आणि केबिनला धडकला. मागची काच फुटून ह्यांच्या मानेला लागली. साखळी तुटल्यापासून ठेकेदार एवढं मोठं धूड दोराने बांधायला लावतोय. नुसत्या दोराने. माजलेला बैल तरी राहील का त्याने?

मानेला हळद लावताना मी म्हणाले, "साखळी येईपर्यंत जाऊ नका."

"मी न्हाई गेलो तर सदाशिवला पाठवायलेत," हे म्हणाले. "त्याला उतारावर गाडी आवरत न्हाई अजून."

सदाशिव माझा पाठचा भाऊ. दोघांपैकी कुणाला अडवू? आणि ठेकेदार माझं ऐकणार आहे थोडंच?

शेवटी, सकाळी डबा किती वाजता लागेल, एवढंच विचारलं.