चिपमधला दुसरा प्रोग्राम

सर, तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी खोटंच बोलते. आज खरं लिहायला बसले आहे, बघू किती जमतं.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. सुप्याची आपली शेड, तापलेला पत्रा, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून मला चिपमध्ये प्रोग्राम भरायला शिकवताय. "भरला म्हंजी झालं न्हाई. परत वाचून काढायचा, फाइलीशी ताडून बघायचा, मगच चिप बोर्डात. लई घाई हाय का तुला?" डिप्लोमा करून नुकत्याच आलेल्या मुलीला तुम्ही पहिल्याच आठवड्यात स्वतःचा मल्टिमीटर देऊन टाकलात.

अकोले तालुक्यातल्या बंधाऱ्यासाठी केलेला तो बोर्ड हा तुमचा शेवटचा डाव होता. बोर्डाने झोपायचं, तासाने जागं होऊन पाण्याची पातळी रेडिओवरून पाटबंधारे खात्याच्या चौकीत कळवायची, पुन्हा झोपायचं. एका बॅटरीवर अख्खा पावसाळा. खात्याच्या साहेबांना पटलं तर आणखी बंधाऱ्यांचं काम, नाहीतर शेडला कुलूप. निघायच्या दिवशी अकराला लाईट जाणार होती आणि अकराला पाच मिनिटं कमी होती. रेडिओ किती लांब पोचतो ते बघायला आदल्या दिवशी मी एक चाचणीचा प्रोग्राम केला होता, न झोपता अखंड बोलणारा. दोन्ही फाइली शेजारी शेजारी. मी घाईत एक भरली, ताडून पाहिली नाही, आणि तुम्ही विचारल्यावर "पाहिलं" म्हणाले.

चौथ्या दिवशी साहेब चौकीत आले तर रिसीव्हर मुका. जीपने बंधाऱ्यावर गेलो, बॅटरी पार मेलेली. "प्रोग्राम कुणी भरला?" साहेबांनी माझ्याकडे बघत विचारलं. तुम्ही मला तोंडच उघडू दिलं नाहीत. "तिला काय इचारता? डिझाइन माजं, चूक बी माजीच."

दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेल्यावर मी चिप काढून वाचली. चाचणीचाच प्रोग्राम होता. तेव्हाच तुमच्यामागे धावत यायला हवं होतं मी. त्याऐवजी चिप पुसली, बरोबरचा प्रोग्राम भरला, आणि या वेळी नीट ताडूनही पाहिला. तुम्ही येऊन करंट मोजलात तर अगदी तुमच्या गणिताइतका. पुन्हा मोजलात. मग बॅटरी मेली कशी, ते शोधायला वही उघडून गणित पहिल्यापासून मांडायला बसलात.

शेड बंद झाली. राहुरीला तुम्हाला भेटायला यायचे तर तुम्ही ओट्यावर तोच बोर्ड घेऊन बसलेले. वही पुढे करता, "बघ बरं, माजं गनित कुटं चुकतंय?" आणि मी बघते. पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ, खरंच काही सापडणार असल्यासारखी. काकू आतून म्हणतात, "जेवनाची सुद न्हाई ह्यांना." सर, एक वाक्य होतं हो ते! एवढंसं वाक्य, आणि मी वर्षभर गिळून बसले. तुम्ही स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास गमावून गेलात, आणि तो मी घालवला.

काकू अजून राहुरीतच आहेत. हे त्यांना नेऊन द्यावं असं फार वाटतं, पण देणार नाही, तेवढा धीर आजही नाही. इतकं लिहिलं तर राहिलेलंही लिहिते. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं, की आता तुम्ही मला विचारणार नाही.