सौर आणि सुतक

२ मार्च, रविवार
पुढच्या रविवारी सोसायटीची सभा. विषय एकच – वर्तकनगरातल्या आमच्या गच्चीवर सौर पॅनेल. प्रस्ताव मांडणार आमचे पतिराज उत्तमराव! जेवतानाही तेच. "अगं, देश बाहेरून तेल आणतो, गॅस आणतो, आणि आपली गच्ची दिवसभर नुसती तापते. अशा लाखभर गच्च्या धर–" मी म्हटलं, धरते, आधी तू ताट धर!
साप्ताहिकाला विनोदी लेख हवाच होता. मिळाला. 'आमच्या घरी सौर आहे.' बाळ झाल्याचं सोयर दहा दिवसांत फिटतं, सौर फिटत नाही – नवरा भाजीच्या पिशवीला शिवत नाही, सिलिंडरला शिवत नाही, शिवतो फक्त गच्चीला. बरं जमलंय. याच आठवड्याच्या अंकात येईल.

९ मार्च
प्रस्ताव पडला.
मी सभेला गेलेच नव्हते. सेक्रेटरी प्रमोदिनीताई जिन्यात भेटल्या. "अहो, तुमचा लेख वाचला ना सभेत! काय हसले सगळे! मग कोणी पुढचं ऐकेचना. 'सौर फिटलं, सौर फिटलं' करत उठलेच."
कोणी वाचला, हे विचारायचा धीर झाला नाही. गच्चीवर पापड घालणाऱ्या टोळीतलंच कोणीतरी. मेल्यांनो, माझ्याच सुरीने!
उत्तम एवढंच म्हणाला, "छान लिहिलंयस." त्यापेक्षा दोन शिव्या हासडायच्या होत्यास!

११ मार्च
उत्तम गेला. सकाळी. चहा अर्धा राहिला.

१७ मार्च
प्रमोदिनीताई पिठलंभात घेऊन आल्या. मी म्हटलं, त्याचा विषय पुन्हा घ्या, मी मांडते. त्या हात धरून म्हणाल्या, "आधी सुतक तर फिटू दे, मग सौरचं बघू."
बोलून गेल्या आणि जीभ चावली. माझाच विनोद. कोणीच हसलं नाही.

२ एप्रिल
त्याची फाइल उघडली. वीस वर्षं लोकांची टर उडवून पोट भरलं, आणि घरातल्या माणसाची फाइल आज पहिल्यांदा वाचतेय. गच्चीचा नकाशा. पॅनेलचे चौकोन दक्षिणेकडे तोंड करून. टाकीजवळ एक चौकोन रिकामा, आत त्याचं बारीक अक्षर – 'पापड'.
फार रडले.

२० एप्रिल
सभा. विनोद एकही केला नाही. नुसता त्याचा नकाशा फिरवला. पापडवाल्या मावशींनी चष्मा लावून तो रिकामा चौकोन बघितला, आणि पहिला हात त्यांचा वर!
मंजूर. एकमताने.
घरी येऊन सांगायला तोंड उघडलं – कोणाला?

२१ एप्रिल
प्रमोदिनीताईंना शेवटी विचारलंच. त्या दिवशी लेख वाचला कोणी?
"कोणी म्हणजे? उत्तमरावांनीच! खिशातून कात्रण काढलं. म्हणाले, आधी आमच्या हिचं ऐका, मग माझं."