न रंगवलेलं मुर्धा

३ नोव्हेंबर

आले एकदाची लातूरहून! भाईंदरजवळच्या मुर्धा गावात चंद्रावती मावशींच्या घरी माडीवरची खोली भाड्याने मिळाली. मावशी गावात दारोदार मासळी विकतात. त्यांचा विकी वरसाव्याच्या हॉटेलात रात्रपाळी करतो आणि सकाळी घरी येतो. पहिल्याच जेवणाला बोईटांचं कालवण होतं. काटे काढताना माझी उडालेली फजिती बघून मायलेक पोट धरून हसले.

७ नोव्हेंबर

नोकरी मजेची आहे. ताजी मासळी घरपोच देणाऱ्या वेबसाइटसाठी मीरा-भाईंदरचा नकाशा रंगवायचा. त्याच दिवशी माल पोचेल तिथे हिरवा, दुसऱ्या दिवशी पोचेल तिथे पिवळा. मावशींना लॅपटॉपवर दाखवला तर चेहराच पडला. मग माझ्याकडून कोण घेणार, आमचं गाव तेवढं सोड गं पोरी, म्हणाल्या. त्यांचं मन मोडवेना. मुर्धा बिनरंगाचं ठेवलं. साहेबांच्या लक्षातही आलं नाही.

१० नोव्हेंबर

नकाशा आज वेबसाइटवर चढला. परतताना रिक्षावाला म्हणाला, "मुर्धा? ये किधर आया, मॅडम?" नवखा असेल. दुसराही तेच म्हणाला. शेवटी पायी आले.

१२ नोव्हेंबर

विकी सकाळी आलाच नाही. फोनवर रडकुंडीला आला होता. भाईंदर सुटलं की थेट पुढचं राई गाव लागतं म्हणे, मध्ये मुर्धा नाहीच. मावशी धावत नाक्यावर गेल्या. तोही म्हणत होता, नाक्यावरच उभा आहे. दोघं फोन कानाला लावून एकमेकांना शोधत होती. मला बघवेना. हे माझ्या हातून झालंय.

१३ नोव्हेंबर

नकाशा उघडला, हिरवा रंग घेतला. भाईंदर आणि राईच्या हद्दी आता चिकटल्यात. मध्ये रंग भरायला जागाच नाही. साहेबांना फोन केला, माझं नाव सांगितलं. रश्मी नावाचं आमच्याकडे कुणी नाही, म्हणाले.

१४ नोव्हेंबर

विकीचा फोन लागला. मावशींनी लाडाच्या नावाने हाक मारली. "आजी, राँग नंबर लागलाय," म्हणाला. किती गोड बोलला — मावशी फोन सोडेनात.

१५ नोव्हेंबर

आईला फोन लावला. आम्हाला मुलगीच नाही, म्हणाली —

मावशींनी कुशीत घेतलं. तू हाय ना माझी, म्हणाल्या. केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच विचारलं, नाव काय गं तुझं? मी सांगायला तोंड उघडलं आणि —